घडण आधी, नाव मागून

भुसावळहून नागपूरकडे महामार्गाने निघालं, की मुक्ताईनगरच्या अलीकडे वरणगाव लागतं. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असतं ते इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे. १९६४ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात लष्कराच्या बंदुकांची काडतुसं तयार होतात. काडतूस जवळून पाहिलं तर देखणी वस्तू आहे. पितळेची चकचकीत पुंगळी, वर निमुळता होत गेलेला गळा, बुडाशी गोल फिरलेली खाच. पण या देखणेपणातला कण न् कण कामाने ठरवून दिलेला असतो. बुडाची खाच असते ती झाडलेली पुंगळी बंदुकीला ओढून बाहेर टाकता यावी म्हणून. गळा निमुळता असतो, कारण दारू मावण्यासाठी पुंगळी रुंद हवी आणि गोळी मात्र बारीक हवी. कारागिराने आपल्या मनाने एक रेघ जास्त ओढली तर तो नग बाद.

याच पट्ट्यात भाद्रपदाच्या पौर्णिमेला घरोघरी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई आणि शेजारी तिचा भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुली या घरातून त्या घरात जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ होतो. डबा हलवला जातो. आतल्या आवाजावरून मुरमुरे की फुटाणे हे ताडायचं. कोजागिरी झाली की मूर्ती पाण्यात सोडायची. भुलाबाईच्या डोळ्यांची रेघ कानाकडे किती न्यावी, लुगड्याच्या काठाला कोणता रंग द्यावा, हे कुठल्याही कामाने ठरवून दिलेलं नाही. मूर्ती ओबडधोबड असली तरी पूजेचं काही अडत नाही. तरीही रंगवणारा हात डोळ्याच्या कोपऱ्यापाशी थबकतो, पुन्हा कुंचला टेकवतो, दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहतो.

कला कशाने ठरते, आणि कलेला अर्थ कुठून येतो? हे दोन प्रश्न आपण सहसा एका दमात विचारतो आणि एकाच उत्तरात दोन्ही भागवायला बघतो. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो असं मला वाटतं. कला ठरते ती करणाऱ्याच्या हाताखाली, घडताना. अर्थ येतो तो घेणाऱ्यांकडून, आणि तो येण्याचं कधी संपत नाही. वरणगावहून दिवसाभरात जाऊन परतता येईल एवढ्या टापूत या दोन्ही प्रश्नांची इतकी सामग्री पडली आहे, की त्यासाठी पॅरिस-लंडनपासून सुरुवात करायची गरज नाही.

आधी भुलाबाईचंच एक गाणं घेऊ. सून सासूकडे माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. सून बी पेरते आणि पुन्हा विचारते. आता वेल वाढू दे. मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग जेव, मग उष्टं काढ. प्रत्येक वेळी तीच विनवणी, तेच उत्तर, फक्त एक पायरी पुढे. भोंडल्यात आणि हादग्यातही हे गाणं आहे. आठ वर्षांची मुलगी ते म्हणते तेव्हा तिला त्यातली गंमत कळते ती लांबत जाण्याची. आता पुढे काय, याची ती वाट बघते. ओट्यावर बसून ऐकणाऱ्या, वर्षा-दीड वर्षापूर्वी लग्न झालेल्या तिच्या आत्याला तेच गाणं कुठे लागतं, हे सांगायला नको. गाणं एकच, चाल एकच, शब्दही तेच. घडण बदललेली नाही, अर्थ मात्र दोघींचा दोन वाटांनी गेला. आणि आजीला विचारलं तर तिसरीच गोष्ट निघते: तिला त्यातली सासूही आता कळू लागलेली असते.

या गाण्याला कला म्हणावं का? अमळनेरला याचं एक ठाम उत्तर मिळालं असतं. प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. पांडुरंग सदाशिव साने हा तरुण तिथे तत्त्वज्ञान शिकायला आला, १९२४ पासून तिथल्याच हायस्कुलात शिकवू लागला आणि मुलांचा साने गुरुजी झाला. या साने गुरुजींनी टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणलं. टॉलस्टॉयचं मूळ पुस्तक १८९७-९८ मधलं. त्यात म्हातारपणी त्याने कलेच्या सगळ्या प्रचलित व्याख्या झाडून काढल्या. सौंदर्य म्हणजे कला नव्हे, आनंद म्हणजे कला नव्हे. एका माणसाने भोगलेली भावना रंग, रेषा, सूर, शब्द यांच्याद्वारे जाणीवपूर्वक दुसऱ्याकडे पोचवावी आणि दुसऱ्याला तिची लागण व्हावी, ही कला.

या पुस्तकातला एक प्रसंग खानदेशातल्या वाचकाला परका वाटणार नाही. टॉलस्टॉय उदास मनाने घरी परततो आहे. त्याच्या मुलीचं लग्न झालेलं असतं आणि शेतकरी बायका विळे वाजवत, आरडाओरडा करत, मोठमोठ्याने गात तिचं स्वागत करत असतात. त्या गाण्याने त्याची उदासी कुठल्या कुठे जाते. त्याच संध्याकाळी एक नामवंत वादक बीथोव्हेनचा सोनाटा वाजवतो. ऐकणारे वाहवा करतात, याच्या मनाला काही शिवत नाही. बायकांचं गाणं खरी कला आणि सोनाटा कलेचा फसलेला प्रयत्न, असा निकाल तो देऊन टाकतो. हेच माप त्याने स्वतःलाही लावलं आणि आपल्या दोन छोट्या कथा वगळून बाकी सगळं लेखन वाईट कलेत जमा केलं. गुरुजींना हा विचार इतका जवळचा का वाटला असेल हे समजतं. कलेला दिवाणखान्यातून काढून शेताच्या बांधावर नेणारा हा विचार आहे.

पण लागण हे माप पुरत नाही. मयताच्या घरचा हंबरडा ऐकणाऱ्याच्या काळजात शिरतो. तो कला नसतो. चिथावलेल्या जमावातही भावना वणव्यासारखी पसरते. भुलाबाईच्या गाण्यातली सून रडत नाही, आदळआपट करत नाही. ती एकेक पायरी चढते, आणि आपण तिच्याबरोबर चढतो. भावना पोचते ती या पायऱ्यांवरून. त्या कोणी रचल्या आणि का रचल्या, हा प्रश्न टॉलस्टॉय बाजूला सारतो.

त्याचं उत्तर तापीच्या पलीकडच्या अंगाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या फैजपूर गावी १ डिसेंबर १९०९ रोजी बाळ सीताराम मर्ढेकरांचा जन्म झाला. आपण त्यांना नवकवितेचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. पण ‘कला म्हणजे काय’ या प्रश्नाला मराठीत त्यांच्याइतकं हट्टाने भिडलेलं माणूस क्वचितच सापडेल. १९३७ सालचं ‘आर्ट्स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक, १९४१ चं ‘वाङ्मयीन महात्मता’, आणि शेवटी ‘सौंदर्य आणि साहित्य’, ज्याला त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९५६ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मर्ढेकरांचं म्हणणं थोडक्यात असं: कलाकृतीचं सौंदर्य तिच्या घटकांच्या आपसातल्या नात्यांत असतं. ही नाती तीन प्रकारची. सारखे घटक एकमेकांना साद देतात तो संवाद, विरुद्ध घटक एकमेकांवर आदळतात तो विरोध, आणि या दोहोंना तोलून धरतो तो समतोल. चित्रात ही नाती रंगांची आणि रेषांची, संगीतात स्वरांची, साहित्यात भावनांनी भारलेल्या अर्थांची. या नात्यांतून जी लय उभी राहते ती कला. सांगायची गोष्ट उदात्त आहे का, समाजाला उपयोगी आहे का, हे प्रश्न रास्त असतील, पण ते सौंदर्याचे नव्हेत.

कारल्याच्या गाण्याला हे लावून पाहा. प्रत्येक कडवं आधीच्या कडव्याच्या साच्यात बसतं, हा संवाद. सुनेचा आर्जवी सूर आणि सासूचा थंड सूर, हा विरोध. शेवटी परवानगी मिळते आणि वेणीफणी करून ती निघते, तेव्हा इतका वेळ ताणलेला दोर सैल पडतो. हे गाणं कुण्या एका कवीने रचलेलं नाही. असंख्य मुलींनी म्हणता म्हणता ते घासून गुळगुळीत केलं. जे कडवं तोल बिघडवत होतं ते गळून पडलं. मर्ढेकरांची लय तिथे होतीच, मर्ढेकर जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून.

तरी मर्ढेकरांच्या चौकटीत एक जागा रिकामी राहते. नुसत्या नात्यांचंच सौंदर्य असेल तर त्या वेलीला कारलीच का लागावीत, काकडी का नको? माहेरचीच वाट का? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ सालच्या ग्रंथात ही ओढाताण फार प्रामाणिकपणे मांडली. कलेला दोन ध्रुव आहेत, असं ते म्हणतात. एक आपल्या रोजच्या जगण्याशी, नीतीशी, ज्ञानाशी जोडलेला लौकिक ध्रुव, आणि दुसरा स्वतःच्याच नियमाने चालणारा अलौकिक ध्रुव. एकाला कापलं की दुसराही वाळतो. या ग्रंथाची पानं जड आहेत, पण तो वाचल्यावर ‘कला कलेसाठी की जीवनासाठी’ या जुन्या भांडणात पुन्हा उतरावंसं वाटत नाही.

आता खानदेशाची सगळ्यात मोठी साक्ष. जळगावजवळच्या असोदे गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरात लग्न होऊन आल्या, तिशीच्या सुमाराला विधवा झाल्या, शेती आणि तीन मुलं ओढत राहिल्या. अक्षरओळख नाही. घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळताना, शेतात निंदताना गाणं सुचत जाई, त्या ते म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी याने जमेल तेवढं उतरवून घेतलं. जे कोणी लिहून घेतलं नाही ते गेलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यांच्या मागे सोपानदेवांनी उतरवलेल्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र थक्क झाला.

मग विचारावंसं वाटतं: ही गाणी कविता कधी झाली? १९५२ साली छापून आल्यावर? अत्र्यांनी मान डोलावली तेव्हा? की घरोटाचा खुंटा फिरवताना?

विसाव्या शतकातला एक वजनदार पक्ष म्हणतो, छापून आल्यावर. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्यूशाँने दुकानातून आणलेलं एक मुतारीचं भांडं आडवं ठेवलं, त्यावर एका बनावट नावाची सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. आयोजकांनी ते मांडलं नाही. पण पुढे तीच त्या शतकातली सर्वांत जास्त चर्चिली गेलेली कलाकृती ठरली. यातून विचारवंतांनी एक सिद्धांत काढला: वस्तूत काही नसतं, कलाजगत, म्हणजे दालनं, समीक्षक, संग्राहक, अभ्यासक, ज्या वस्तूवर शिक्का मारेल ती कला. द्यूशाँचा प्रश्न खरा होता आणि त्याला धैर्य लागलं, हे मान्य. पण बहिणाबाईंसमोर हा सिद्धांत तोकडा पडतो. त्यांच्या गाण्याचा एकेक चरण आठ अक्षरांचा, असे चार चरण, आणि त्या चार चरणांत चुलीवरचा तवा आणि अख्खा संसार, किंवा पिकातलं ढोर आणि माणसाचं मन शेजारी आणून ठेवलेलं. अक्षर न ओळखणाऱ्या बाईने अक्षरं मोजली होती, कानाने. एक अक्षर जास्त झालं असतं तर घरोट थांबला नसता, पीठ जाडं झालं नसतं. कामाला त्या आठ अक्षरांची गरज नव्हती. गाण्याला होती.

माझं उत्तर या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. कामाने न मागितलेली, पण सुरू केलेल्या घडणीने मागितलेली गोष्ट माणूस जेव्हा जिवापाड पुरी करतो, तेव्हा कला होते. यातलं पहिलं अर्ध नुसतं घेतलं तर लग्नाच्या मांडवावरचा वारेमाप झगमगाटही कलेत बसेल. तिथे गरजेपलीकडचं पुष्कळ असतं, पण एका दिव्याने दुसऱ्या दिव्याकडे काही मागितलेलं नसतं. दुसरं अर्ध मर्ढेकरांकडून घ्यावं लागतं. या उत्तराने कलेचा उंबरठा बराच खाली येतो याची मला कल्पना आहे. दारातली रांगोळी आत येते, भुलाबाईचा डोळा आत येतो. येऊ द्यावा. कोणती कला थोर, हा निराळा प्रश्न आहे आणि तो आत आल्यावर विचारता येतो.

अत्र्यांनी काय केलं मग? त्यांनी कविता घडवली नाही, तिला वाचक दिले. हे काम लहान नाही, आणि त्याबद्दल खानदेशाने त्यांचं ऋण मानायलाच हवं. तिथून अर्थाची गोष्ट सुरू झाली. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी ज्यांनी कधी घरोट ओढला नव्हता त्यांच्या कानी पडली. शाळेच्या पुस्तकात आली तेव्हा लेवा गणबोलीतले शब्द कळावेत म्हणून तळाशी अर्थ द्यावे लागले, कारण या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि डोळ्याचा डोया. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जळगावातल्या छापखान्याकडे अचंब्याने पाहून ज्या बाईने गाणं रचलं, तिच्या नावाने आज पदव्या छापल्या जातात. शेतातल्या बाईला ती गाणी आपल्या कष्टाची वाटतात, शहरातल्या प्राध्यापकाला जीवनाचं तत्त्वज्ञान वाटतात, स्त्रीवादी अभ्यासकाला विधवेच्या एकटेपणाची नोंद वाटतात. यातलं कोणतंही वाचन बहिणाबाईंना विचारून ठरलेलं नाही, आणि तरी एकही उपरं वाटत नाही.

अर्थ असा थरांनी चढतो, हे बघायचं तर जळगावहून दक्षिणेला, फर्दापूरच्या बाजूने अजिंठ्याला जावं. वाघूर नदीच्या नालाकार वळणावरचा हा कडा. काही लेणी सातवाहनांच्या काळातली, बरीचशी पाचव्या शतकातल्या वाकाटक हरिषेणाच्या काळातली. भिंतीचं काम कसं होतं हे गिलाव्याचा पोपडा सुटला आहे तिथे डोळ्यांनी दिसतं. खडबडीत राखलेल्या कातळावर मातीचा थर, त्यात भाताचा तूस, गवताचे आणि वनस्पतींचे धागे कालवलेले. वर बारीक मातीचा थर. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग कोरड्या भिंतीवर डिंकात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे सगळं जवळपास मिळणारं. निळा मात्र लाजवर्दाचा, पार अफगाणिस्तानाकडून आलेला.

हे सारं कशासाठी? सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने कारण सांगून ठेवलं आहे. जगात ज्याची आठवण ताजी राहते तो तेवढा काळ स्वर्गसुख भोगतो, तेव्हा चंद्रसूर्य असेतो टिकेल असं स्मारक डोंगरात उभारावं, असा त्याचा आशय. दात्याला पुण्य हवं होतं आणि स्मरण हवं होतं. पुण्यासाठी बुद्धाची मूर्ती पुरे होती. पण पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांच्या गर्दीतून एक हत्ती धावतो आहे. त्याच्या धावण्याने कुणाच्या पुण्यात भर पडत नाही. चित्रकाराला तो चौकोन भरायचा होता, आणि कमळदेठांच्या वळणांनी एक धावतं अंग मागितलं. त्याने ते दिलं. त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे पोचला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नाव खरवडलं. १८४४ नंतर कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला पाठवलं. वर्षानुवर्षं तो या दरीत राहिला आणि मोठमोठ्या तैलचित्रांत नकला करत गेला. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. त्याने पुन्हा काम हाती घेतलं. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, वरणगावपासून हाकेच्या अंतरावर. गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारो यांची कथा ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात घेतली. गिलनंतर जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून नकलांना लागले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निशही फासलं गेलं आणि त्याने चित्रांचं नुकसान केलं. प्रेमापोटी झालेलं नुकसान भरून येत नाही.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्या तेव्हा त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून काही तरुण आले होते. त्यांत नंदलाल बोस होते. भिक्षूला जी भिंत पुण्याची होती, गिलला कर्तव्याची, ती या तरुणाला आपल्या चित्रकलेचं मूळ वाटली. पारतंत्र्यातल्या चित्रकाराला ते हवंच होतं. भिंत तीच, थोडी अधिक पोपडे सुटलेली.

आणि हेच नंदलाल बोस पुढे पुन्हा खानदेशात आले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते फैजपूरला. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारखे कार्यकर्ते त्यासाठी गावोगाव राबले. गांधीजींनी नंदलालना बोलावलं आणि अट घातली: जे मिळेल ते इथल्या मातीतलं, इथल्या कारागिरांच्या हातचं वापरायचं. बांबू, चटया, गवत, खादी यांतून अधिवेशनाचं टिळकनगर उभं राहिलं. अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैल जोडलेल्या, सजवलेल्या रथातून निघाली. अधिवेशन संपलं, सगळं उतरवलं गेलं. बांबू पुन्हा बांबू झाले. त्या रचनेला कुठलं संग्रहालय मिळालं नाही, आणि तिने ते मागितलंही नव्हतं. कमानीचा बांबू भार पेलण्यापुरता वाकवला असता तरी लोक आत आले असते. नंदलालांनी तो दुसऱ्या कमानीशी जुळेपर्यंत वाकवला. त्या हजारो शेतकऱ्यांना त्यात जे दिसलं असेल, की आपल्याच घराच्या सामानातून दरबार उभा राहतो, ते मर्ढेकरांच्या लयीत मावत नाही आणि टॉलस्टॉयच्या लागणीतही पुरतं येत नाही. तो अर्थ त्या दिवसांचा होता.

घडण राहिली आणि घेणारे बदलले तर काय होतं, याची परीक्षा सध्या ओवीच्या बाबतीत चालू आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचं दळण थांबलं. ज्या कामाच्या कडेने ओवी वाढली ते कामच उरलं नाही. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून बायकांच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. हा साठा एक लाखाच्या वर गेला. २०१७ पासून तो ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येतो आहे. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. अजिंठ्याच्या चित्रकाराला जे मिळालं नाही ते या बायकांना मिळालं.

त्या ओव्या मोबाइलवर ऐकणाऱ्या नातीने घरोट पाहिलेला असतो तो फक्त कुणाच्या तरी लग्नात, हळद दळताना. भावासाठीची ओवी ऐकताना तिला आजीसारखा भाऊबीजेला वाटेकडे लागलेला डोळा आठवणार नाही. तिचा भाऊ रोज व्हिडिओ कॉल करतो. तिला कदाचित वेगळंच काही ऐकू येईल: दिवसभर ज्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेत नव्हतं त्या बायका पहाटे एकमेकींना उत्तरं देत होत्या. एक बाई चरण सोडते आणि समोरची तो नेमक्या अक्षरावर उचलते, हे मात्र तिला आजीइतकंच ऐकू येतं, कारण ते आवाजातच आहे.